केरी, १९८४ : न केलेल्या खुनाचा तपशीलवार कबुलीजबाब

पाणकळा (धागाकर्ता)

१४ एप्रिल १९८४ रोजी, शनिवारी संध्याकाळी, आयर्लंडच्या केरी काउंटीत काहर्सिव्हीनजवळच्या व्हाइट स्ट्रँड या किनाऱ्यावर धावायला गेलेल्या एका माणसाला खडकांत काहीतरी अडकलेले दिसले. आधी ती बाहुली वाटली, पण ते नवजात मुलाचे प्रेत होते. शवविच्छेदनात मान मोडलेली आणि अंगावर सुरीच्या २८ जखमा आढळल्या. स्थानिक लोकांनी त्याला जॉन हे नाव देऊन काहर्सिव्हीनच्या दफनभूमीत पुरले. आयर्लंडमध्ये आजही त्याला ‘बेबी जॉन’ म्हणतात.

हे प्रकरण ‘केरी बेबीज’ या नावाने प्रसिद्ध आहे. नावातले अनेकवचन महत्त्वाचे आहे, कारण त्याच आठवड्यात तिथून सुमारे ८० किलोमीटरवर, अ‍ॅबीडॉर्नी या खेड्याजवळच्या एका शेतघरात दुसरे एक बाळ जन्मले आणि लगेच मरण पावले. त्याची आई जोॲन हेज ही पंचविशीच्या घरातली अविवाहित तरुणी ट्रॅलीच्या क्रीडासंकुलात स्वागतिकेचे काम करीत असे. एका विवाहित पुरुषाशी तिचे संबंध होते आणि त्याच्यापासून झालेली एक लहान मुलगी घरात वाढत होती. दुसरे मूल मरण पावल्यावर तिने त्याचे प्रेत शेतातच लपवले. पुढे ती ट्रॅलीच्या रुग्णालयात गेली, तेव्हा ती नुकतीच बाळंत झाली असून बाळ मात्र कुठेच नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. काहर्सिव्हीनच्या बाळाची आई शोधण्यासाठी पोलीस नेमक्या अशाच स्त्रीच्या मागावर होते.

१ मे रोजी जोॲन, तिची आई, मावशी आणि भावंडे यांना ट्रॅलीच्या पोलीस ठाण्यात वेगवेगळ्या खोल्यांत बसवून चौकशी झाली. डब्लिनहून खास खुनाच्या तपासाचे पथक आले होते. जोॲन पुन्हा पुन्हा सांगत होती की तिचे बाळ शेतात आहे. पोलिसांनी शोध घेतला, पण त्यांना ते सापडले नाही. दिवस मावळेपर्यंत कुटुंबीयांच्या सह्यांचे जबाब तयार झाले होते. त्या जबाबांनुसार जोॲनने घरातच बाळाला न्हाणीघरातल्या ब्रशने मारले, सुरीने भोसकले, आणि मग भावंडांनी रात्री गाडीतून डिंगल द्वीपकल्पाच्या टोकाला, स्ली हेडला जाऊन प्रेत समुद्रात टाकले. तिथून ते खाडी ओलांडून काहर्सिव्हीनच्या किनाऱ्याला लागले, असे गृहीत धरले गेले. जबाब एकमेकांशी जुळत होते आणि त्यांत तपशिलाची कमतरता नव्हती. जोॲनवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला, तर घरातल्या इतरांवर जन्म लपवल्याचा.

दुसऱ्याच दिवशी तिचे बाळ शेतात सापडले, ती सांगत होती तसेच. त्याच्या अंगावर सुरीची एकही जखम नव्हती.

या टप्प्यावर कोणताही तपास थांबून मागे वळायला हवा होता. त्यात रक्तगटांचे निकाल आले. जोॲनचा गट ‘ओ’, मुलाच्या वडिलांचा ‘ओ’ आणि शेतात सापडलेल्या बाळाचाही ‘ओ’ निघाला. किनाऱ्यावरच्या बाळाचा गट मात्र ‘ए’ होता. ‘ओ’ गटाच्या आईवडिलांना ‘ए’ गटाचे मूल होत नाही, हे शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात असते. तपास पथकाने यातून जो मार्ग काढला त्यामुळे हे प्रकरण जगभर गाजले. जोॲनला जुळे झाले असावे, दोन बाळांचे बाप वेगळे असावेत, तिने ४८ तासांच्या आत दोन पुरुषांशी संबंध ठेवले असावेत, आणि त्यांपैकी एक बाळ शेतात व दुसरे समुद्रात गेले असावे, असा सिद्धान्त मांडला गेला. वैद्यकशास्त्रात अशी घटना अशक्य नाही, पण ती इतकी दुर्मीळ आहे की इतर सर्व शक्यता संपल्यावरच तिचा विचार करावा. इथे मात्र सर्वांत साधी शक्यता, म्हणजे दोन बाळे आणि दोन वेगळ्या आया, समोर असताना तिला बगल दिली गेली, कारण ती मान्य केली असती तर सह्या झालेल्या जबाबांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला असता.

१० ऑक्टोबर १९८४ रोजी सरकारी अभियोग संचालकांच्या निर्णयानुसार सर्व आरोप मागे घेण्यात आले. त्यानंतर न्यायमंत्री मायकेल नूनन यांनी चौकशी आयोग नेमला. आयोगाचे एकमेव सदस्य न्यायमूर्ती केव्हिन लिंच होते. पोलिसांनी हे जबाब कसे मिळवले, हे तपासणे त्यांचे काम होते. जानेवारी १९८५ मध्ये सुनावणी सुरू झाली ती उन्हाळ्यापर्यंत चालली, आणि शंभराहून अधिक साक्षीदार झाले. प्रत्यक्षात तिथे कोणाची झाडाझडती झाली, हे वाचकांना सांगायला नको. जोॲनला पाच दिवस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले गेले. तिचे लैंगिक आयुष्य, तिची मासिक पाळी, ती त्या पुरुषावर किती प्रेम करीत होती, तिने मूल हेतुपुरस्सर राहू दिले का, असे प्रश्न पुरुष वकिलांच्या फळीने भर सभागृहात विचारले. ती कोसळली, तिला औषधे देऊन शांत करावे लागले, आणि प्रश्न पुढे चालू राहिले.

एक प्रसंग मी कधीच विसरू शकत नाही. जुळ्यांच्या सिद्धान्ताला दुसरा पुरुष हवा होता आणि तो सापडत नव्हता. तिच्या गादीवर एका माणसाचे नाव लिहिलेले आढळले, तर पोलिसांच्या बाजूने त्याच्याबद्दल तिला प्रश्न विचारले गेले. ते नाव गादी विकणाऱ्या दुकानातल्या एका माजी कामगाराचे निघाले.

मी जोॲनशिवाय त्या कुटुंबातल्या कोणाचे वा त्या पुरुषाचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. तिचे नाव सरकारी माफीनाम्यात आहे, म्हणून लिहिले. बाकीच्यांना ४० वर्षे पुरेशी त्रासदायक गेली आहेत. चर्चेतही हे पथ्य पाळावे, ही विनंती.

मला या धाग्यावर एकाच प्रश्नावर विचार हवा आहे. एका कुटुंबातली अनेक प्रौढ माणसे एकाच दिवशी, त्यांनी न केलेल्या आणि त्यांच्या बाळाशी संबंधच नसलेल्या खुनाचे परस्परांशी जुळणारे तपशील सांगतात, हे कसे घडते? ते तपशील खोलीत आधी कोणाकडे होते?

जुनी_वही

धागा उत्तम आहे, पण त्या वर्षाचे आयर्लंड डोळ्यांसमोर असल्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही असे मला वाटते, म्हणून थोडी भर घालते.

सप्टेंबर १९८३ मध्ये, म्हणजे या घटनेच्या सात महिने आधी, गर्भपातबंदी थेट राज्यघटनेत घालणारी आठवी दुरुस्ती सुमारे ६७ टक्के मतांनी संमत झाली होती. गर्भनिरोधके १९७९ च्या कायद्यानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणि ‘खऱ्याखुऱ्या कुटुंबनियोजनासाठी’च मिळत, म्हणजे व्यवहारात विवाहितांनाच, तीही डॉक्टर व औषधविक्रेता राजी असल्यास. घटस्फोटाला घटनेनेच मनाई होती आणि ती १९९५ च्या सार्वमतापर्यंत टिकली. विवाहबाह्य मुलांना कायद्याने कमी हक्क होते, ते १९८७ साली बदलले. न्यू रॉस येथील एका शाळेने विवाहित पण पत्नीपासून वेगळ्या राहणाऱ्या पुरुषाबरोबर संसार करणाऱ्या गरोदर शिक्षिकेला १९८२ मध्ये काढून टाकले होते, आणि इकडे ट्रॅलीत आयोग बसला असतानाच, १९८५ च्या मार्चमध्ये, उच्च न्यायालयाने शाळेचा निर्णय उचलून धरला.

आणि ३१ जानेवारी १९८४. लाँगफर्ड काउंटीतल्या ग्रॅनर्ड गावात अ‍ॅन लव्हेट ही १५ वर्षांची शाळकरी मुलगी मेरीमातेच्या गुहेपाशी एकटीच बाळंत झाली, आणि ती व तिचे बाळ दोघेही मरण पावले. गावात कोणाला काही माहीत होते की नव्हते, यावर आजही तिथले लोक बोलायला तयार नसतात. त्यानंतर गे बर्न यांच्या रेडिओ कार्यक्रमाकडे देशभरातल्या स्त्रियांची पत्रे येऊ लागली. आपण एकट्याने, गोठ्यात, न्हाणीघरात, शेतात कसे बाळंत झालो आणि ते मूल कुठे पुरले, हे त्यांत कित्येक म्हाताऱ्या बायांनी आयुष्यात प्रथमच कोणालातरी सांगितले होते. ती पत्रे रेडिओवर वाचली गेली.

म्हणजे अडीच महिन्यांच्या अंतराने दोन प्रकरणे घडली. पहिल्यात राज्याने काहीच केले नाही आणि दुसऱ्यात नको तितके केले. त्या देशात एकाच आठवड्यात, एकाच काउंटीत दोन स्त्रियांनी गुपचूप बाळंत होणे हा पोलिसांना अविश्वसनीय योगायोग का वाटावा, हे मला समजलेले नाही. ती पत्रे नुसती ऐकली असती तरी त्यात योगायोग असा काही नाही हे लक्षात आले असते.

उंबरठा

पाणकळा, तुमच्या प्रश्नाकडे कायद्याच्या अंगाने पाहतो.

१ मे १९८४ रोजी ट्रॅलीच्या ठाण्यात बसलेली ही माणसे कायद्याच्या भाषेत कोण होती? त्यांना अटक झालेली नव्हती. त्या काळी आयर्लंडमध्ये साध्या गुन्ह्याच्या चौकशीसाठी एखाद्याला ठाण्यात डांबून ठेवण्याचा सर्वसाधारण अधिकार पोलिसांना नव्हता. तो होता राज्याविरुद्धच्या गुन्ह्यांच्या खास कायद्याखाली, जो मुळात सशस्त्र बंडखोरांसाठी केलेला होता. बाकी ठिकाणी माणूस ‘पोलिसांना मदत करायला स्वेच्छेने आला’ असे म्हटले जाई. आता एखाद्या शेतकरी कुटुंबाला सकाळी घरी येऊन चार-पाच अधिकारी ‘चला’ म्हणाले, तर ‘येत नाही’ म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे हे त्यांना कोणी सांगायचे? दिवसभर वकील नव्हता. ध्वनिमुद्रण नव्हते, आणि आयर्लंडमध्ये चौकशीच्या मुद्रणाची नियमावली यायला १९९७ साल उजाडले. तेव्हा कोणी कोणाला कोणता तपशील आधी सुचवला, याचा एकमेव पुरावा म्हणजे खोलीतल्या माणसांचे परस्परविरोधी शब्द. जोॲनचे म्हणणे असे की सही केली नाही तर तुझी मुलगी अनाथाश्रमात जाईल आणि आई तुरुंगात, असे तिला सांगितले गेले. अधिकाऱ्यांनी ते नाकारले.

हे पहिल्यांदा घडत होते असेही नाही. १९७६ मध्ये सॅलिन्स येथे टपालगाडी लुटली गेली, तेव्हाही आरोपींना शिक्षा झाली ती मुख्यतः ठाण्यात दिलेल्या कबुलीजबाबांवर. त्यांच्यापैकी निकी केली यांची सुटका १९८४ च्या उन्हाळ्यात झाली आणि राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती १९९२ मध्ये. सत्तरच्या दशकापासून, पुढे ट्रॅलीला आलेल्या या डब्लिनच्या तपास पथकातल्या काही जणांबद्दल मारहाणीच्या तक्रारी होत होत्या. म्हणजे त्यांच्याकडे कबुलीजबाब मिळवण्याचे कौशल्य होते आणि खरा-खोटा निवडण्याची गरज त्यांना कधी भासली नव्हती.

आपल्याकडच्या वाचकांना एक गोष्ट रोचक वाटेल. भारतीय पुरावा कायदा १८७२ सालचा. त्याच्या २५ व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरताच येत नसे, आणि नव्या कायद्यातही ती तरतूद राहिली आहे. इंग्रजांनी इथल्या पोलिसांवर विश्वास ठेवला नाही. आयर्लंडमध्ये मात्र जबाब स्वेच्छेने दिला आहे एवढे न्यायालयाला पटले की तो चालत असे, आणि केवळ त्यावर जन्मठेप होऊ शकत असे. अर्थात आपल्याकडेही कलम असूनही कोठडीत काय चालते ते आपण जाणतोच, त्यामुळे फार मान ताठ करण्याचे कारण नाही.

तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की सुरी आणि समुद्र हे दोन्ही तपशील पोलिसांना त्या सकाळी आधीच माहीत होते. बाळाच्या जखमा शवविच्छेदनात दिसल्या होत्या आणि ते समुद्रातून आले हे उघड होते. जबाबांत जे नवे, फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असणारे आणि नंतर पडताळून खरे ठरलेले असे काय होते? मला तरी एकही गोष्ट सापडलेली नाही. ‘बाळ शेतात आहे’ ही एकच गोष्ट खरी ठरली, आणि नेमकी ती जबाबांच्या विरोधात जाणारी होती.

सडाफटिंग

सगळे एका सुरात बोलत आहेत म्हणून मुद्दाम दुसरी बाजू मांडतो.

पहिली गोष्ट, हे कुटुंब खोटे बोलत होते यात शंका नाही. बाळंतपण शेतात उघड्यावर झाले असे जोॲन सांगत होती, तर मावशीच्या साक्षीनुसार ते घरात झाले, आणि न्यायमूर्तींनी मावशीचे म्हणणे ग्राह्य धरले. एक बाळ मेलेले आहे, त्याचे प्रेत लपवलेले आहे, आणि घरातली माणसे त्याबद्दल वेगवेगळे सांगत आहेत, अशा स्थितीत पोलिसांनी संशय घ्यायचा नाही तर काय करायचे? दुसरी गोष्ट, न्यायमूर्ती लिंच यांनी पोलिसांना मोकळे सोडले असे चित्र रंगवणे योग्य नाही. जोॲन ही काहर्सिव्हीनच्या बाळाची आई नाही, हे त्यांनी १९८५ च्या अहवालातच स्पष्ट लिहिले, जुळ्यांचा सिद्धान्त फेटाळला आणि पोलिसांच्या साक्षींतल्या अतिशयोक्तीवर व ढिसाळपणावर बोट ठेवले. तिसरी गोष्ट, १९८४ मध्ये डीएनए चाचणी नव्हती. आज मागे वळून शहाणपण सांगणे सोपे आहे.

पाणकळा (धागाकर्ता)

सडाफटिंग, तुमचे पहिले दोन मुद्दे रास्त आहेत आणि ते चर्चेत यायलाच हवे होते. तिसरा मला मान्य नाही. डीएनए नव्हते, पण रक्तगट होते, आणि रक्तगटाने ‘नाही’ असे खणखणीत उत्तर दिले होते. ते उत्तर कमी शास्त्रीय होते म्हणून नाकारले गेले असे नाही, ते गैरसोयीचे होते म्हणून त्याच्याभोवती दुसरा पुरुष रचला गेला. डीएनए असते तर एखादा तिसरा पुरुष किंवा तिसरे बाळ निघाले असते, असे मी उपहासाने म्हणत नाही, कारण या कुटुंबाने आणखी एक बाळ समुद्रात टाकले असावे आणि किनाऱ्यावर आलेले भलतेच असावे, हा तर्कसुद्धा त्या काळात खरोखर पुढे आला होता.

अहवालाबद्दल. होय, लिंच यांनी ती काहर्सिव्हीनच्या बाळाची आई नाही असे लिहिले. पण मग तिने कबुली का दिली, याचे त्यांचे उत्तर मोठ्या अंशी तिच्याच बाजूला बोट दाखवते, म्हणजे मारहाण झाली नाही आणि स्वतःच्या बाळाबद्दलची अपराधी भावना तिला खात होती. शिवाय तिने स्वतःच्या बाळाचे रडणे थांबवण्यासाठी त्याचा गळा दाबला, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सरकारी विकृतिशास्त्रज्ञ डॉ. जॉन हार्बिसन यांना त्या बाळाच्या मृत्यूचे कारण निश्चित सांगता आलेले नव्हते. तिच्यावर त्या मृत्यूचा आरोप कोणीही ठेवलेला नव्हता. पोलिसांची चौकशी करायला बसलेल्या आयोगाने, जिथे आरोपीला असतात ते बचावाचे हक्क नाहीत अशा ठिकाणी, एका स्त्रीला तिच्या मुलाची मारेकरी ठरवले आणि ते छापले. १९४९ च्या आयरिश अर्भकहत्या कायद्यानुसार प्रसूतीमुळे मन ढळलेल्या आईवर खुनाऐवजी सौम्य आरोप ठेवता येतो. इथे तिला तो सौम्यपणाही नाही आणि खटलाही नाही.

त्या अहवालातला एक परिच्छेद मला विशेष खटकतो. सुनावणीच्या काळात देशभरातून बायकांनी जोॲनला पिवळी फुले पाठवली होती. न्यायमूर्ती विचारतात की त्या विवाहित पुरुषाच्या बायकोला कोणी फुले का पाठवली नाहीत? तिच्यासाठी कोणी सभा का घेतली नाही? प्रश्न माणुसकीचा वाटतो, आणि त्या बाईंची स्थिती खरोखरच वाईट होती. पण तो विचारण्याची जागा पोलिसी चौकशीचा अहवाल नव्हे. तो प्रश्न अहवालात येतो तेव्हा न्यायमूर्ती मनातल्या मनात कोणता खटला चालवत होते, ते समजते.

ऋतुगंध

मी काही वर्षे कॉर्कमध्ये नोकरीनिमित्त राहिलो आहे. परदेशी वर्तमानपत्रांत या प्रकरणाची गोष्ट नेहमी ‘मागास खेडे विरुद्ध एकटी स्त्री’ अशी येते. ती मला अपुरी वाटते.

अ‍ॅबीडॉर्नी हे दुधाच्या व्यवसायावर जगणारे, सगळे सगळ्यांना ओळखतात असे खेडे आहे. जोॲनचे प्रकरण गावाला आधीपासून माहीत होते. पहिली मुलगी तिने लपवली नव्हती, आईच्या घरात उघडपणे वाढवली होती, आणि गावाने तिला वाळीत टाकले नव्हते. सुनावणीत तिचे हाल होऊ लागले तेव्हा ट्रॅलीत सुनावणीच्या जागेबाहेर जे लोक फलक घेऊन उभे राहिले त्यांत शहरातल्या स्त्री-संघटना होत्या, तसेच अ‍ॅबीडॉर्नीचे शेजारी आणि शेतकरीही होते. ही शनिवारी सायंकाळी किंवा रविवारी चर्चमधल्या मिस्साला जाणारी, बहुधा आठव्या दुरुस्तीला मत दिलेली माणसे होती. आत बसलेल्या सुशिक्षित वकिलांपेक्षा शेजारधर्म त्यांना जास्त कळत होता. खेड्याच्या क्रौर्याबद्दल लिहिताना हे वगळले जाते, कारण ते ठरलेल्या गोष्टीत बसत नाही. पोलिसांनी जे पुराव्यांचे केले, तेच नंतरच्या लेखकांनी गावाचे केले, असे मी म्हणेन.

जुनी_वही यांनी आठव्या दुरुस्तीचा उल्लेख केला आहे, म्हणून आपल्या जवळचा एक धागा जोडतो. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार या दंतवैद्य तरुणीचा मृत्यू झाला तो याच दुरुस्तीच्या छायेत. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असताना, हृदयाचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला, आणि जंतुसंसर्गाने त्या गेल्या. त्या मूळच्या बेळगावच्या. २०१८ च्या मे महिन्यात ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी ती दुरुस्ती रद्द झाली, तेव्हा बेळगावातून त्यांच्या आईवडिलांनी आयरिश मतदारांना आवाहन केले होते. त्याच वर्षाच्या जानेवारीत जोॲन हेजची माफी मागितली गेली होती. या दोन गोष्टी एका वर्षात येणे हा निव्वळ योगायोग नव्हता. वातावरणच असे होते की जुनी कपाटे उघडली जात होती.

जुनी_वही

ऋतुगंध, गावाबद्दलची माहिती मोलाची आहे. ग्रॅनर्डच्या बाबतीतही माध्यमांनी गावालाच आरोपी केले आणि गाव तोंड मिटून बसले, ते अजून मिटूनच आहे.

मला विचारायचे आहे ते बेबी जॉनबद्दल. इतक्या चर्चेत तो पुन्हा मागे पडला. त्याला कोणी मारले याचा तपास १९८४ नंतर झाला की नाही?

पाणकळा (धागाकर्ता)

तुमचा रोख बरोबर आहे. ३४ वर्षे जवळजवळ काहीच झाले नाही, कारण तपास पथकाच्या दृष्टीने गुन्हेगार सापडलेला होता, तो फक्त सुटला होता. काही निवृत्त अधिकारी बरीच वर्षे जुळ्यांच्या कल्पनेला चिकटून राहिले. दरम्यान काहर्सिव्हीनच्या दफनभूमीतल्या त्याच्या थडग्याची वेळोवेळी नासधूस होत राहिली. कोणी केली ते उघड झाले नाही.

१६ जानेवारी २०१८ रोजी पोलिसांनी जाहीर केले की जपून ठेवलेल्या नमुन्यातून बाळाचा पूर्ण डीएनए आराखडा मिळाला असून जोॲन हेज त्याची आई नाही हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. पोलीस दलाने तिची लेखी माफी मागितली, पंतप्रधान लिओ वराडकर यांनीही राज्याच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली, आणि खुनाचा तपास नव्याने सुरू झाला. त्या वर्षी काहर्सिव्हीनसमोरच्या व्हॅलेन्शिया बेटावर अधिकारी घरोघर जाऊन लोकांचे स्वेच्छेने दिलेले लाळेचे नमुने घेत होते. (अटलांटिकखालून उत्तर अमेरिकेला जाणारी पहिली तार या बेटावरून निघाली होती. जगाशी इतक्या लवकर जोडलेल्या जागेचे रहस्य इतकी वर्षे तिथेच दबून राहावे, ही एक विचित्रच गोष्ट.) सप्टेंबर २०२१ मध्ये बाळाचे अवशेष उकरून पुन्हा तपासण्यात आले. मार्च २०२३ मध्ये साठीतला एक पुरुष आणि पन्नाशीतली एक स्त्री यांना खुनाच्या संशयावरून अटक झाली, आणि आरोप न ठेवता दोघांनाही सोडण्यात आले. या गुन्ह्यासाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही.

माझ्या मते कबुलीजबाबाची सर्वांत मोठी किंमत इथे मोजली गेली. १९८४ च्या मे महिन्यात शेजाऱ्यांच्या आठवणी ताज्या होत्या, किनाऱ्याजवळ कोणती गाडी दिसली होती, कोण आजारी होते, कोण अचानक इंग्लंडला गेले, हे सांगणारी माणसे जिवंत होती. तो काळ ८० किलोमीटरवरच्या एका शेतघराचे खोटे कथानक टिकवण्यात गेला.

उंबरठा

एक शेवटची शंका कायद्याची आहे. लिंच अहवालातला गळा दाबल्याचा निष्कर्ष आजही अधिकृत आहे का? चौकशी आयोगाच्या निष्कर्षांविरुद्ध साधे अपील करता येत नाही, म्हणून विचारतो.

पाणकळा (धागाकर्ता)

अपील नव्हतेच. म्हणून जोॲन आणि तिच्या भावंडांनी राज्यावर दिवाणी दावा लावला. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने उच्च न्यायालयात त्यांची माफी मागितली, नुकसानभरपाई मान्य केली, आणि उभय पक्षांच्या संमतीने न्यायालयाने असे घोषित केले की या कुटुंबावर ठेवलेले गैरकृत्याचे सर्व ठपके निराधार आणि चुकीचे आहेत. यात आयोगाचे निष्कर्षही येतात. अहवाल छापील दस्तऐवज म्हणून ग्रंथालयांत राहील, पण त्यातल्या त्या भागाला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. सडाफटिंग यांच्या पहिल्या मुद्द्याचे उत्तरही त्यात आहे असे मी मानतो: माणसे घाबरून विसंगत बोलली म्हणून ती खुनी ठरत नाहीत, आणि हे राज्याने ३६ वर्षांनी का होईना, लिहून दिले.

सडाफटिंग

हा निकाल मी वाचला नव्हता. पहिला मुद्दा मी मागे घेत नाही, कारण संशय घेणे चुकीचे नव्हते असेच मला अजून वाटते. २ मे रोजी शेतात बाळ सापडल्यावर तो सोडला नाही, तिथे तपास चुकला. उंबरठा, त्या दिवशी ठाण्यात एकजरी वकील असता तर जबाब न्यायालयापर्यंत पोहोचले असते का, यावर तुम्ही सविस्तर लिहिलेत तर वाचायला आवडेल.